वेग, जागा आणि शब्द : एसक्यूलाइटमधील मराठी शब्दसंचयाची चिकित्सा

१

कोशातील नोंदी, बोलींचे नमुने आणि ग्रंथांतील वाक्ये एका फायलीत साठवून त्यांतून हवा तो शब्द क्षणात शोधून काढणे, हे काम आता एकट्या अभ्यासकाच्याही आटोक्यात आले आहे. या कामी एसक्यूलाइट हा डेटाबेस विशेष सोयीचा पडतो. अशा संचयाची 'सुधारणा' करावयाची म्हणजे शोध जलद करावयाचा आणि फाइल लहान करावयाची, असा समज मात्र सर्वत्र रूढ आहे. त्यासाठी ठरावीक उपायांच्या याद्याही हातोहात फिरत असतात. या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वेग आणि जागा यांचा प्रत्येक हिशेब 'शब्द कशाला म्हणावे' या प्रश्नाचे काही एक उत्तर गृहीत धरूनच मांडला जातो. ते गृहीत मराठीच्या बाबतीत चुकीचे असेल, तर वेग वाढविण्याने चुकीचे उत्तर लवकर मिळते, एवढाच लाभ होतो.

२

प्रथम या साधनाचे गुण मान्य केले पाहिजेत. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला हा डेटाबेस स्वतंत्र सेवक-संगणकावर चालत नाही. तो वापरणाऱ्या कार्यक्रमाच्या पोटातच राहतो आणि सारा संग्रह एका फायलीत ठेवतो. त्याची संहिता कोणाच्याही स्वामित्वाखाली नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंचांच्या जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत त्याचा समावेश केला आहे. ज्या विभागात संगणकाची देखभाल करणारा स्वतंत्र माणूस नसतो, तेथे या गुणांचे मोल फार मोठे आहे.

वेगासंबंधीच्या उपदेशांपैकी पहिला उपदेश निर्विवाद आहे : अनेक नोंदी भरावयाच्या असता त्या एकाच व्यवहारात, म्हणजे ट्रँझॅक्शनमध्ये, भराव्यात. याचे कारण भौतिक आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते, आणि एक व्यवहार पक्का होण्यास सुमारे दोन फेरे लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ६० व्यवहार होतात. उलट, एकाच व्यवहारातील ५०,००० नोंदी साधा संगणक सेकंदात भरू शकतो. एक लाख शब्दांचा कोश एकेक नोंद पक्की करीत भरला तर सुमारे अठ्ठावीस मिनिटे लागतील. एकत्र भरला तर दोन सेकंद पुरतील. फिरत्या तबकडीची जागा आता पुष्कळ ठिकाणी स्थिर स्मृतीने घेतली असल्याने आकडे बदलतील. तत्त्व बदलत नाही.

दुसरा उपदेश इतका निरपवाद नाही. २०१० पासून उपलब्ध असलेल्या वॉल या पद्धतीत बदल आधी वेगळ्या वहीत टिपले जातात आणि मागाहून मूळ फायलीत उतरतात; त्यामुळे वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांची वाट अडवीत नाहीत. तिच्या जोडीला 'सिंक्रोनस' ही मर्यादा 'नॉर्मल' ठेवली, तर वीज गेल्यास शेवटचे काही व्यवहार नाहीसे होऊ शकतात. परंतु फाइल बिघडत नाही. तीच मर्यादा पूर्णपणे उठवली तर वीज जाताच फाइलच बिघडण्याचा संभव असतो. पुन्हा मिळविता येईल अशा माहितीसाठी हा धोका पत्करता येईल. ज्या वृद्ध निवेदकाचे बोलणे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या नोंदींसाठी तो पत्करणे हा अविवेक होय.

तिसरा उपदेश सूचीचा. सूची असली की शोध पाने उलटीत बसत नाही, बी-ट्रीच्या फांद्यांवरून थेट स्थळी पोहोचतो. परंतु सूची ही क्रमावर उभी असते, आणि एसक्यूलाइटचा मूळ क्रम हा केवळ संकेतांकांचा क्रम आहे. त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये बसतो. मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. कोशाची पाने या क्रमाने लावणे म्हणजे कोशकाराचा निर्णय यंत्रावर सोपविणे होय. वेगाचा प्रश्न येथेच भाषेचा प्रश्न बनू लागतो.

३

जागेच्या हिशेबातही हेच दिसते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, यूटीएफ-१६ मध्ये दोन. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हे आहेत. तो पहिल्या पद्धतीत १५ आणि दुसऱ्या पद्धतीत १० बाइट व्यापतो. म्हणून फाइल निर्माण करतानाच दुसरी पद्धत निवडावी, असे सुचविले जाते. परंतु मोकळी जागा, इंग्रजी अंक आणि रोमन अक्षरे यांना पहिल्या पद्धतीत एकच बाइट लागतो, दुसरीत दोन. शिवाय पूर्णपाठ-शोधाचा घटक मजकूर यूटीएफ-८ मध्येच मागतो, म्हणजे प्रत्येक वेळी रूपांतर आले. मिश्र मजकुराच्या संचयात लाभ वाटतो तेवढा राहत नाही.

नोंदी खोडल्या तरी फाइल आपोआप लहान होत नाही. रिकामी पाने पुढील उपयोगासाठी राखली जातात. 'व्हॅक्यूम' या आज्ञेने ती काढून टाकता येतात, पण त्या कामापुरती मूळ फायलीच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा हाताशी असावी लागते. हा भाग एवढ्यावर सोडावयास हरकत नाही. खरा प्रश्न पूर्णपाठ-शोधाच्या सूचीत आहे, कारण संचयाची जागाही तीच फार खाते आणि अभ्यासकाचा शोधही तिच्यातूनच जातो.

४

२०१५ साली आलेला एफटीएस-५ हा घटक मजकुराचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा कोठे कोठे आला याची सूची ठेवतो. तुकडे करण्याची मूळ रीत अशी : युनिकोडने ज्यांना अक्षर किंवा अंक या वर्गांत घातले आहे ती चिन्हे शब्दाची, बाकी बहुतेक सारी चिन्हे शब्द तोडणारी. इंग्रजीला ही रीत साजते. परंतु युनिकोडने देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांना अक्षर न म्हणता अक्षराला जोडून येणाऱ्या चिन्हांच्या निराळ्या वर्गात घातले आहे. परिणामी ही सर्व चिन्हे स्वल्पविरामासारखी शब्द तोडतात, आणि स्वतः नाहीशी होतात. 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे पडतात. 'कविता'चे 'कव' आणि 'त'.

याचा अर्थ भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळा सांगावयास नको. 'काळी', 'केळी' आणि 'कोळी' या तीन शब्दांचा भेद पहिल्या स्वरावर उभा आहे. सूचीत मात्र तिन्ही शब्द 'क' आणि 'ळ' एवढेच उरतात. ज्या लघुतम युग्मांच्या आधारे स्वनिमांचे अर्थभेदकत्व सिद्ध करावयाचे, ती युग्मेच सूचीतून पुसली जातात. एवढेच नव्हे, तर 'काळी' शोधू गेले असता 'कोकीळ'ही हाती येतो, कारण त्याच्या तुकड्यांतही 'क' आणि 'ळ' लागोपाठ आहेत. 'मुलगा' आणि 'मुलगी' यांचे तुकडे तंतोतंत सारखे पडत असल्याने या दोन शोधांतून मिळणाऱ्या नोंदींची संख्या नेहमीच समान येईल. एखाद्याने त्या समानतेवरून लिंगविषयक निष्कर्ष काढून प्रबंधात घातला, तर दोष त्याच्या तर्कात नसेल; तो आधारातच असेल.

असा ढोबळ दोष नजरेतून सुटतो कसा? त्याचे उत्तर असे की काही ठिकाणी तो गुणाचे सोंग घेतो. 'घर' या शब्दाला स्वरचिन्ह नाही. त्याचा एकच तुकडा पडतो. 'घरात', 'घराला', 'घरी' यांचाही पहिला तुकडा 'घर' हाच. त्यामुळे 'घर' शोधताच त्याची विभक्तिरूपे पुढे येतात, आणि यंत्राला मराठीचे सामान्यरूप कळते असा भास होतो. वस्तुतः यंत्राला काहीच कळलेले नसते. 'घराणे' हा शब्दही त्याच ओळीत येऊन बसतो, यावरून हे स्पष्ट होते. चाचणीसाठी पहिला शब्द 'घर' घेणारा समाधानाने उठतो. 'मुलगी' घेणारा सावध होतो.

५

जागा वाचविण्याचा एक उपाय या दोषाला अनपेक्षितपणे उघडे पाडतो. एफटीएस-५ मध्ये 'डीटेल' या पर्यायाने सूचीचा तपशील कमी करता येतो. या घटकाच्या अधिकृत विवरणात एका चाचणीचे आकडे दिले आहेत : १,६३६ मेबीबाइट पत्रव्यवहाराची सूची पूर्ण तपशिलाने ७४३ मेबीबाइट झाली, मधल्या पायरीवर ३४०, आणि किमान तपशिलाने १३४. पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेत काम भागते, हे आकर्षण मोठे आहे. त्याची किंमत एवढीच सांगितली जाते की लागोपाठ आलेल्या शब्दांचा, म्हणजे शब्दसमूहाचा, शोध घेता येत नाही.

आता मराठीचा विचार करावा. मूळ रीतीत 'काळी' हा एकच शब्द दोन तुकड्यांचा समूह ठरलेला आहे. तपशील कमी करताच हा साधा शोधही नाकारला जातो, आणि 'घर' मात्र पूर्वीप्रमाणे सापडत राहते. उपायांची यादी पुढे ठेवून चालणारा येथे बुचकळ्यात पडतो आणि तपशील पूर्ववत करून मोकळा होतो. शोध पुन्हा चालू होतो. दोष पुन्हा झाकला जातो. नाकारलेले उत्तर हेच येथे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दोषाचा परिहार अवघड नाही. तुकडे करणाऱ्या घटकास 'कॅटेगरीज' या पर्यायाने जोडचिन्हांचे वर्गही शब्दातच मोजावयास सांगता येते. मग 'काळी' हा एक शब्द राहतो आणि कमी तपशिलाची सूचीही चालते. परंतु तेवढ्याने काम संपत नाही. 'दऱ्या' यातील अर्धा र संगणकावर एकाहून अधिक रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना सारखी दिसणारी ही रूपे यंत्राला भिन्न असतात आणि एसक्यूलाइट त्यांचे एकीकरण करीत नाही. त्यांपैकी एका रीतीत येणारे अदृश्य जोडचिन्ह तर सुधारलेल्या वर्गवारीतही शब्द तोडते. हे एकीकरण मजकूर भरण्यापूर्वीच केले पाहिजे.

शिवाय आता 'घर' शोधले असता 'घरात' सापडणार नाही. आरंभाच्या अक्षरांवरून शोधावे, तर 'घरटे' आणि 'घराणे' येतात. 'देऊळ'वरून 'देवळात' तर मुळीच येत नाही. २०२० साली आलेली तीन-तीन चिन्हांचे तुकडे करण्याची रीत सूची फुगविते, आणि 'घर' या दोन चिन्हांच्या शब्दापुढे तीही निरुपयोगी ठरते. उपाय एकच उरतो : प्रत्येक रूपाचे मूळ रूप अभ्यासकाने ठरवावे, ते स्वतंत्र स्तंभात लिहावे आणि त्याची सूची करावी. यास जागा अधिक लागेल. ती व्याकरणाने व्यापलेली जागा आहे. तिला अपव्यय म्हणता येणार नाही.

६

या साऱ्याचा ठपका साधनाच्या कर्त्यांवर ठेवणे न्याय्य होणार नाही. तुकडे करण्याची रीत त्यांच्या विवरणात स्पष्ट लिहिलेली आहे आणि ती बदलण्याची सोयही त्यांनीच दिली आहे. आक्षेप आहे तो मूळ मांडणीला तटस्थ समजण्यावर. कोणतीही मूळ मांडणी तटस्थ नसते. ती कोणत्या तरी भाषेचे व्याकरण असते. म्हणून मराठी संचयाच्या बाबतीत कामाचा क्रम उलटा केला पाहिजे. प्रथम लेखनाचे एकीकरण, मग शब्दाची व्याख्या, मग 'काळी, केळी, कोळी' यांसारख्या शब्दांनी तिची परीक्षा. आणि त्यानंतरच वेग व जागा यांचा हिशेब. ज्या प्रबंधात अशा संचयातील संख्या आधार म्हणून येतील, त्यात शब्द कोणत्या रीतीने तोडले होते हे एका वाक्यात तरी नोंदलेले असावे. ते वाक्य नसेल, तर त्या संख्यांचा अर्थ परीक्षकालाही लावता येणार नाही आणि प्रबंधकारालाही.