मांडीवरचा बिबट्या : वाचवलेल्या प्राण्यांच्या गोष्टी कशा वाचाव्यात

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी मला विचारलं, अहो, हा साहित्याचा विषय आहे का? मी म्हटलं, आहे. जिथं माणूस गोष्ट सांगतो तिथं समीक्षकाला काम आहे. आणि ही गोष्ट आजकाल फार सांगितली जाते. एक तरुण किंवा तरुणी परदेशी जाते, आफ्रिकेत नाहीतर थायलंडमध्ये. तिथं वाचवलेल्या जंगली प्राण्यांचं केंद्र असतं. पैसे भरून दोन आठवडे, चार आठवडे काम करायचं. परत आल्यावर लिहायचं. पुरवणीत लेख येतो, सोबत फोटो. मांडीवर सिंहाचा छावा, हातात दुधाची बाटली.

या लेखांचा साचा आता ठरून गेला आहे. विमानतळ, पहिल्या दिवशीचा वास, शेण उचलताना झालेली फजिती, मग एका पिल्लाशी जुळलेलं नातं, त्याचं नाव, निरोपाच्या दिवशीचे अश्रू. लिहिणारे मनापासून लिहितात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या सगळ्या लेखनात एक वाक्य असं असतं की ज्यावरून लेखक घाईघाईनं पुढं जातो. ‘या पिल्लाची आई मेली होती.’ झालं. कशी मेली, कुणी मारली, की मेलीच नव्हती, याचा पत्ता नाही. गोष्ट अनाथापासून सुरू होते आणि अनाथ कुणी केलं हा प्रश्न गोष्टीच्या बाहेर राहतो. आज मी तेवढ्या एका प्रश्नानं काही पुस्तकं आणि काही घटना वाचणार आहे.

या प्रकारच्या लेखनाची आजी म्हणजे जॉय अ‍ॅडमसन यांचं ‘बॉर्न फ्री’. १९६०चं पुस्तक, १९६६मध्ये त्यावर सिनेमा. एल्सा नावाची सिंहीण माणसांच्या घरात वाढते, मग तिला शिकार शिकवून रानात सोडलं जातं. जगभर लोक हे वाचून रडले. आता आपला प्रश्न विचारा. एल्साची आई कशी मेली? जॉय यांचे पती जॉर्ज हे केनियात वन्यजीव खात्याचे अधिकारी होते. त्यांच्याच बंदुकीच्या गोळीनं ती मेली. सिंहीण अंगावर आली म्हणून गोळी झाडली, नंतर तिची पिल्लं सापडली. जॉय हे लपवत नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण वाचकाच्या मनात ते टिकत नाही. पिल्लं तीन होती. एल्साच्या दोन बहिणी रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात पाठवल्या गेल्या. त्यांची नावं इथं कुणाला ठाऊक आहेत? मोकळी सुटलेली एकच आणि ती १९६१च्या सुरुवातीला आजारानं गेली. म्हणजे सुटकेची ही जगातली सर्वांत गाजलेली कथा नीट वाचली तर एक मेलेली आई, दोन पिंजऱ्यातल्या बहिणी आणि लवकर संपलेलं एक मोकळं आयुष्य, असा तिचा हिशेब निघतो. पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते आपण अर्धंच वाचलं, एवढंच म्हणतो.

या अर्ध्या वाचनावर पुढं धंदा उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेत सिंहांची पैदास करणारी फार्म आहेत. छावे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून काढायचे आणि परदेशी स्वयंसेवकांना सांगायचं की हे अनाथ आहेत, यांना दूध पाजा. स्वयंसेवक त्यासाठी पैसे देतो. छावा मोठा झाला की पर्यटकांबरोबर फिरवायचा. आणखी मोठा झाला की कुंपणातल्या शिकारीसाठी विकायचा. २०१५मध्ये ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटानं हे उघड केलं आणि २०२१मध्ये तिथल्या सरकारनं ही पैदास थांबवण्याचं धोरण जाहीर केलं. आता बघा, इथं अनाथ करणारा आणि अनाथाला वाचवणारा एकच आहे. बाटली धरणारी मुलगी प्रामाणिक, तिचे अश्रू खरे, आणि त्या अश्रूंवरच दुकान चालतं.

थायलंडच्या कांचनाबुरीतलं ‘टायगर टेम्पल’ तसंच. भिक्खूंनी वाघ वाचवले अशी कीर्ती. परदेशी स्वयंसेवकांची तिथं रीघ. २०१६मध्ये सरकारनं १३७ वाघ तिथून हलवले तेव्हा फ्रीजरमध्ये ४० बछड्यांची प्रेतं सापडली. दोन आठवड्यांसाठी आलेला पाहुणा फ्रीजर कशाला उघडेल?

आता आपल्याकडे येऊ. मराठी वाचकाच्या मनात मांडीवरचा बिबट्या म्हटला की एकच नाव येतं, हेमलकसा. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. भामरागडचा तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होता, गडचिरोली जिल्हा झाला १९८२ला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथं गेले ते डॉक्टर म्हणून. प्राणी वाचवायला नव्हे. ‘प्रकाशवाटा’मध्ये दवाखाना आहे, शाळा आहे, माडियांचा सावकाशीनं मिळालेला विश्वास आहे आणि त्यातच प्राणी आहेत. ही रचना मला फार महत्त्वाची वाटते.

सुरुवातीचा प्रसंग तुम्हाला माहीत असेल. माडिया शिकारी मारलेली माकडं घेऊन चालले होते आणि मेलेल्या आईच्या छातीला एक जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं. प्रकाशभाऊंनी विचारलं, याचं काय करणार? उत्तर आलं, खाणार. मग काही देऊन त्यांनी ते पिल्लू मागून घेतलं. ती बबली. पुढं लोकांना सांगितलं गेलं की पिल्लं मारू नका, आम्हाला आणून द्या, बदल्यात धान्य घ्या. तिथून हे अनाथालय वाढलं. बिबटे, अस्वलं, तरस, मगरी, साप.

इथं आपला प्रश्न गोष्टीच्या बाहेर राहिलेला नाही. अनाथ कुणी केलं? भुकेनं. शिकारी खलनायक नाही, तो उपाशी आहे. त्यामुळं पिल्लू वाचवायचं तर त्याच्या घरी काहीतरी शिजलं पाहिजे, हे पहिल्याच प्रसंगात आलं. बबलीची गोष्ट तांदळाच्या गोष्टीपासून तोडता येत नाही. म्हणून ‘रानमित्र’ हे केवळ प्राण्यांचं पुस्तक वाचताना ‘प्रकाशवाटा’ शेजारी ठेवावं असं माझं मत आहे. ‘रानमित्र’ गोड आहे, मुलांच्या हातात द्यावं असं आहे. पण ते एकटं वाचलं तर भूक मागं पडते आणि लळा पुढं येतो.

आणि फोटोंनी तर तेच केलं. २०१४च्या नाना पाटेकरांच्या चित्रपटानं हेमलकसा घराघरांत गेलं, त्याआधी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतले फोटो होते. बिबट्या गळ्यात पडलाय, अस्वल चाटतंय. या चित्रातून तांदूळ गायब, दवाखाना गायब. पाहणारा शिकतो ते एवढंच, की चांगल्या माणसाला बिबट्या जवळ घेऊ देतो. हे शिकणं धोक्याचं आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२पासून काम करतं, त्याचे नियम अशी जवळीक टाळायला सांगतात, आणि हेमलकशाच्या बाबतीतही प्राधिकरणानं हरकत घेतली होती. तेव्हा आपल्याकडे पुष्कळजण चिडले. माझं मत विचाराल तर प्राधिकरणाचा मुद्दा बरोबर होता. आमट्यांचं मोठेपण त्यानं कमी होत नाही. त्या मोठेपणाची जागा तो फोटो नव्हे, दवाखान्याची ओपीडी आहे.

हेमलकशातून आलेलं आणखी एक पुस्तक या विषयाला अगदी जवळचं आहे. विलास मनोहर यांचं ‘नेगल’. मनोहर पुण्याचे, तिथलं स्थिरस्थावर आयुष्य सोडून कार्यकर्ते म्हणून गेले. म्हणजे ते खऱ्या अर्थानं स्वयंसेवक. नेगल हा बिबट्या. पुस्तक वाचकप्रिय झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण मला त्या लेखकाचं दुसरं पुस्तक त्याच्या शेजारी ठेवायचं आहे, ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा पोहोचतो याची कादंबरी. एकाच माणसानं बिबट्याचं पुस्तक लिहावं आणि हेही लिहावं, हा योगायोग नव्हे. तो राहिला. पिल्लाची चौकशी करता करता ज्या घरातून पिल्लू आलं त्या घरापर्यंत गेला, मग त्या घराला छळणाऱ्या व्यवस्थेपर्यंत गेला. मराठी समीक्षेनं ही दोन पुस्तकं दोन वेगळ्या कप्प्यांत टाकली, एक ‘प्राणिकथा’ आणि एक ‘आदिवासी जीवनावरची कादंबरी’. माझ्या दृष्टीनं ते एकाच चौकशीचे दोन भाग आहेत. दोन आठवड्यांच्या स्वयंसेवकाकडून दुसरा भाग येणं शक्य नाही.

सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको खरं तर. परदेशी गेलेला स्वयंसेवक म्हटलं की आपल्याला आठवतात डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. कोटणीस तिथली भाषा शिकले, तिथं संसार केला, १९४२मध्ये तिथंच गेले. प्राण्यांशी त्यांचा संबंध नाही, मला कल्पना आहे. पण परक्या ठिकाणी मदतीला जाणं म्हणजे काय, याचं माप या गावात आहे.

आता जुन्नर. इथं ऊस माहीत नाही असा माणूस सभागृहात नसेल. जुन्नरच्या उसात बिबट्याची मादी विते. तोडणीला टोळी फडात शिरते आणि कोयत्यापुढं पिल्लं सापडतात. डोळे जेमतेम उघडलेली. पाहणाऱ्याला वाटतं, अनाथ. उचलावीत, दूध पाजावं. पण ती अनाथ नसतात. आई दिवसा माणसांच्या गलक्यानं बाजूला गेलेली असते. म्हणून वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी काय करतात? डॉक्टर पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. माणसं लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते. कॅमेऱ्यात ते दिसतं.

या कथेत वाचवणारा कुठं आहे? तो लांब, अंधारात, गाडीत बसला आहे. त्याचा पिल्लाबरोबर फोटो नाही. मला हा या सगळ्या साहित्यातला सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो आणि तो अजून मराठीत नीट लिहिला गेलेला नाही. उचलून नेण्याचा परिणाम काय होतो तेही जुन्नरनंच शिकवलं. २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले आणि माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास मांडला. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं. त्याला सोडवलं असं आपण म्हणत होतो, त्याच्या लेखी ती हद्दपारी होती.

आणि आपल्या दाराशी काय? नान्नज. माळढोक अभयारण्य १९७९चं. आज तिथं माळढोक दिसला तर बातमी होते. माळढोकाला कुणी मांडीवर घेत नाही, त्याच्या पिल्लाला बाटली लागत नाही, म्हणून त्याची भावुक गोष्ट होत नाही. त्याचा माळ गेला. कुठं नांगरला गेला, कुठं ऊस आला, कुठं तारा आल्या. इथं अनाथ करणारे आपणच, त्यामुळं कदाचित ही गोष्ट सांगायला अवघड जाते.

मारुती चितमपल्ली याच गावात जन्मले, २००६चं साहित्य संमेलन इथंच त्यांच्या अध्यक्षतेखाली झालं आणि जून २०२५मध्ये ते याच गावात गेले. त्यांनी ‘पक्षिकोश’ केला, ‘प्राणिकोश’ केला. रानातल्या लोकांकडून शब्द गोळा केले. कोश हा काही रडवणारा वाङ्मयप्रकार नाही. पण त्यात माणूस केंद्रात नसतो, पक्षी असतो. परदेशी जाऊन आलेल्या मुलांच्या लेखांत मला त्या केंद्राभोवतीच्या एका झाडाचंही स्थानिक नाव सापडत नाही, आणि त्यावरून मी ते लेख जोखतो.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यातले दोन इथे दिले आहेत.)

प्रश्न : सर, माझी मुलगी पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला बाहेर अशा केंद्रात जायचंय. पाठवू नको म्हणता का?

उत्तर : नाही नाही, अवश्य पाठवा ताई. फक्त जाहिरातीत पिल्लं कुशीत घेतलेले फोटो असतील तर ते केंद्र सोडा. पिल्लं सतत कुठून येतात ते विचारू द्या तिला. मोठी झाल्यावर कुठं जातात तेही. चांगल्या केंद्रातलं काम कंटाळवाणं असतं. फळं चिरणं, पिंजरे धुणं, नोंदी ठेवणं. आपल्याकडेही आहे हे काम. दरवेशांकडून सोडवलेली अस्वलं आग्र्याजवळच्या केंद्रात आहेत, तिथं जाता येतं. आणि दरवेशांच्या घरचं पुढं काय झालं, त्यांना दुसरी रोजीरोटी कशी दिली, मुलं शाळेत कशी गेली, तेही बघून यायला सांगा. जमलं तर आधी माणिकडोह.

प्रश्न : जुन्नरला ती पिल्लं ठेवतात, तेव्हा आई प्रत्येक वेळी येते का?

उत्तर : बहुतेक वेळा येते. कधी पहिल्या रात्री येत नाही, मग दुसऱ्या रात्री परत ठेवतात, तिसऱ्या रात्रीही. तोवर शेतकऱ्याला त्या पट्ट्यातली तोड थांबवावी लागते, आणि शेतकरी थांबवतात. टोळीचा खाडा होतो, कारखान्याची गाडी रिकामी उभी राहते. तरी थांबवतात.