शेतांतील रोमन नाणीं व ब्रोच

सन २०१० मध्यें इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत, फ्रोमनजीक, डेव्ह क्रिस्प यांस धातुशोधक यंत्राच्या साह्यानें नाण्यांनीं भरलेला एक घट सांपडला. थोडें खणून ते थांबले व पुराणवस्तुज्ञांस पाचारण केलें, हें फार इष्ट झालें. आंतील ५२,५०३ रोमन नाणीं थराथरानें काढण्यांत आलीं. तेव्हां कॅरॉसियसचीं, म्हणजे उत्तरकालीन, नाणीं बहुतांशीं घटाच्या खालच्या अर्ध्यांत आढळलीं. अर्थात् वर्षानुवर्षें भर पडत गेली नसून घट एकदांच भरला. सारीं नाणीं पोत्यांत ओतलीं असतीं तर हें कळण्यास मार्ग नव्हता.

सन १९९६ च्या तेथील ट्रेझर ॲक्टाची मुख्य कसोटी मात्र सोनें-रुपें. खांद्यावर वस्त्र अडकविण्याचा एकटा कांशाचा ब्रोच सांपडल्यास वर्दी देणें शोधकाच्या मर्जीवर. सन २०२३ मध्यें असाधारण महत्त्वाच्या वस्तूंचा त्यांत समावेश झाला; तथापि साधा ब्रोच बाहेरच राहिला. आमच्या मतें हा दोष मोठा आहे. रुमालांतून सुटलेल्या कागदाची दशा आमच्या वाचकांस ठाऊक आहे: शिक्का शाबूत, पण प्रकरण कोणतें, तें कळत नाहीं. शेत न सांगतां विकलेल्या ब्रोचाचीही तीच गत. आणि असे साधे ब्रोचच एखाद्या ओसाड माळावर रोमन काळीं वस्ती होती हें दाखवितात.