शिखरांचीं नांवें आणि नकाशाचें प्रामाण्य

नकाशावर छापलेलें नांव तेंच त्या स्थळाचें मूळ नांव, असें गृहीत धरून विधानें करण्याची प्रवृत्ति स्थलवर्णनपर लेखनांत वारंवार आढळते. या गृहीतास आधार किती, हें येथें तपासावयाचें आहे.

प्रथम जेथें मूळ नांवाचा प्रश्नच उद्भवत नाहीं असें उदाहरण घेऊं. अंटार्क्टिका खंडांतील शिरमाखर टेकड्यांत १९८९ पासून भारताचें ‘मैत्री’ ठाणें आहे. त्याच्या नैर्ऋत्येस उल्वेटान्ना हा सुमारे २,९३० मीटर उंचीचा खडकाळ सुळका बर्फांतून वर आलेला आहे. १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेनें या प्रदेशाचीं छायाचित्रें विमानांतून घेतलीं. परंतु जमिनीवरील मोजणीचा आधार नसल्यामुळें तिच्या नकाशांत स्थाननिश्चितीच्या चुका राहिल्या. पुढें १९५६-६० च्या नॉर्वेजियन मोहिमेनें नव्यानें मोजणी केली व सुळक्यास स्वभाषेंत ‘लांडग्याचा दांत’ या अर्थाचें नांव दिलें. टेकड्यांस मात्र जर्मन वैमानिक शिरमाखर याचें नांव कायम राहिलें. सारांश, निर्मनुष्य भूमींतहि नांवावरून मोजणाराचा देश व काळ कळतो.

सह्याद्रीची स्थिति निराळी. येथें मोजणीदार येण्यापूर्वींच नांवें रूढ होतीं. महाबळेश्वराचें सर्वोच्च शिखर सिंदोळा, उंची सुमारे १,४३९ मीटर. त्यास १९२३ सालीं मुंबईचे गव्हर्नर झालेल्या सर लेस्ली विल्सन यांचें नांव मिळालें. इंग्रजी नांवांतहि थर आहेत. सिडने पॉइंट हें नांव जाऊन, १८२४ सालीं तेथें चढून गेलेल्या लॉडविकचें नांव आलें; माउंट ऑलिंपियाचें कॅनॉट शिखर झालें. आर्थर सीट हें नांव कोणी गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्याकडे लावतात, तर कोणी आर्थर मॅलेट यांच्याकडे. समकालीन लेख पुढें येईपर्यंत यांपैकीं एकहि मत निर्विवाद मानतां येत नाहीं.

यावरून इंग्रजी नांवें समूळ पुसून टाकावींत, असा निष्कर्ष कोणी काढील. बोलण्यांत सिंदोळा हेंच नांव यावें, हें न्याय्य आहे. परंतु ‘विल्सन पॉइंट’ छापलेला नकाशा १९२३ पूर्वींचा असूं शकत नाहीं, हें त्या नांवामुळेंच सिद्ध होतें. नांव पुसलें कीं कालनिर्णयाचें हें साधनहि गेलें. उलटपक्षीं, नवें नांव घालतांना जुनें शेजारीं न नोंदणें, हा नकाशाकारांचा खरा दोष होय. जुन्या पत्रांत डोंगराचें नांव आढळावें आणि नकाशावर तो डोंगर सांपडूं नये, ही हानि त्यांतूनच होते.

अंटार्क्टिकाच्या आंतरराष्ट्रीय नामसूचींत एकाच स्थळास निरनिराळ्या देशांनीं दिलेलीं नांवें त्या त्या देशाच्या उल्लेखासह नोंदलीं जातात. ज्या भूमीस पूर्वींचा रहिवासीच नाहीं तिच्याविषयीं एवढी दक्षता, तर शेंकडों वर्षांच्या वस्तीच्या सह्याद्रीविषयीं ती अधिक हवी. प्रत्येक शिखरापुढें नांव, देणारा, साल व आधार अशीं चार घरें असलेली सूचि सातारा-सांगलीकडील अभ्यासकांनीं सिद्ध करावी. तीविना नकाशावरील नांव केवळ दुय्यम पुरावा म्हणूनच ग्राह्य धरावें लागेल.

माधवनगर