तीन हेरांची एकवाक्यता

आमच्या देवस्थानच्या वाचनालयात रविवारी आरतीनंतर चार वाचनप्रेमी मंडळी जमतात. मागे तेथे एका तरुण स्नेह्याने मला विचारले, “वकीलसाहेब, रशियाच्या इतिहासाची काळी बाजू आणि तेथील हेरगिरी यांवर विश्वासाने वाचावे असे काय आहे?” प्रश्न साधा दिसतो; उत्तर तितके साधे नाही. या विषयावर पुस्तके उदंड आहेत, उणीव आहे ती विश्वासाची. हेर हा पेशानेच असत्य बोलणारा, आणि गुप्त पोलीस हवा तसा कागद निर्माण करणारे. अशांच्या सांगण्यावर उभा असलेला ग्रंथ कितीही रंजक असो, तो हाती घेताना ‘याला हे कसे कळले?’ असे प्रथम विचारले पाहिजे.

ही दक्षता आपल्याकडे फार जुनी आहे. हेरांची वार्ता खरी केव्हा मानावी, याचा नियम कौटिल्याने अर्थशास्त्रात घालून दिला आहे. एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघांचे सांगणे जुळले, तरच त्यावर विश्वास ठेवावा. राजासाठी सांगितलेला हा नियम वाचकानेही पाळण्याजोगा आहे.

तो न पाळल्यास काय होते, हे माझ्याच व्यवसायातील एका थोर माणसाच्या उदाहरणावरून दिसते. स्टालिनच्या राजवटीत १९३६ ते १९३८ या काळात मॉस्कोला तीन मोठे जाहीर खटले झाले. झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन या क्रांतीच्या जुन्या नेत्यांनी भर न्यायालयात आपण कटवाले असल्याची कबुली दिली आणि त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पहिल्या खटल्यास डी. एन. प्रिट हे नामांकित इंग्रज बॅरिस्टर प्रेक्षक म्हणून हजर होते. हेच प्रिट १९३१ साली भगतसिंगांच्या वतीने प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहिले होते, आणि १९५१ साली तेलंगणातील फाशीच्या कैद्यांसाठी आपल्या सर्वोच्च न्यायालयात लढले. अशा माणसाने स्वदेशी परतल्यावर पुस्तिका लिहून मॉस्कोचा तो खटला न्याय्य ठरविला! वस्तुतः त्या खटल्यात एका आरोपीने सांगितले होते की, १९३२ साली कोपनहेगनच्या ब्रिस्टल हॉटेलात ट्रॉट्स्कीच्या मुलाशी आपली भेट झाली. ते हॉटेल १९१७ सालीच बंद पडले होते.

पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे पंचविसावे कलम. २०२३ च्या नव्या अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. मॉस्कोची कबुली न्यायासनासमोर झाली हे खरे, परंतु ती घडविली गेली कोठडीत. प्रिट यांना हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांना ते कळून घ्यावयाचे नव्हते. ज्या राज्यावर आपली श्रद्धा आहे, त्याच्या बाबतीत आपण उलटतपासणी विसरतो.

त्याच कबुलीचे कोडे आर्थर कोस्लरने ‘डार्कनेस ॲट नून’ या १९४० च्या कादंबरीत सोडवू पाहिले. तिचा नायक रुबाशोव्ह पक्षाची अखेरची सेवा म्हणून खोटा गुन्हा पत्करतो. मनाच्या पडझडीचे इतके सूक्ष्म चित्रण विरळा. मात्र साक्ष म्हणून ही कादंबरी अपुरी आहे. कबुल्या मारहाणीने आणि छळाने काढल्या गेल्या, हे १९५६ साली ख्रुश्चेव्हनेच पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात सांगितले. रुबाशोव्हलाही झोपू देत नाहीत, पण तो मोडतो तो मुख्यतः तर्काने. सामान्य माणसे लाथांनी मोडली.

या सामान्यांची वाणी ऐकावयाची तर सोल्झेनित्सिनकडे जावे लागते. १९७३ साली पॅरिसला प्रसिद्ध झालेला ‘गुलाग द्वीपसमूह’ २२७ जणांच्या साक्षींवर आधारलेला आहे, आणि लेखक स्वतः आठ वर्षांचा बंदी. अटकेची रात्र, चौकशी, आगगाडीचे डबे, छावणीतील भाकरी यांचे वर्णन वाचताना हा माणूस तेथे होता याविषयी शंका उरत नाही. उणे आहे ते आकड्यांचे. बळींच्या संख्येचे जे प्रचंड अंदाज त्याने पुढे केले, ते दप्तर बंद असतानाचे. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर जे कागद बाहेर आले, त्यांत केवळ १९३७-३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ जणांना मृत्युदंड दिल्याची नोंद आहे. एवढी संख्या कोणाही विवेकी माणसास पुरेशी आहे. ती फुगविण्याचे कारण नाही. साक्षीदाराला पाहिले ते विचारावे, मोजणी दप्तराला विचारावी.

दप्तरालाही परीक्षा चुकत नाही. केजीबीचा दप्तरदार वासिली मित्रोखिन याने वर्षानुवर्षे चोरून टिपणे केली आणि १९९२ साली तो ब्रिटनला गेला. इतिहासकार ख्रिस्तोफर अँड्र्यू यांच्यासह त्याचे ग्रंथ १९९९ व २००५ साली निघाले. दुसऱ्या ग्रंथातील भारतविषयक मजकुराने आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. वकिलाच्या दृष्टीने हा दुय्यम पुरावा आहे. मूळ कागद नाही, हाताने केलेला उतारा आहे. शिवाय आपण अमुक माणूस वश केला, असे वरिष्ठांना कळविणारा हेर स्वतःची बढाईही मारीत असतो. ग्रंथ अवश्य वाचावा, पण त्यातील नाव दिसताच कोणास गुन्हेगार ठरवू नये.

या सर्व कसोट्या एका भारतीय जीवनात एकत्र येतात. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे १८८० साली हैद्राबादेत जन्मलेले, सरोजिनी नायडूंचे धाकटे बंधू आणि लंडनला सावरकरांच्या वर्तुळातील क्रांतिकारक. इंग्रजांचे हेर त्यांच्या मागावर असत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांची हेरगिरी केलेल्या सॉमरसेट मॉमने १९२८ च्या ‘ॲशेंडेन’मध्ये चंद्रलाल नावाचा हिंदी क्रांतिकारक रंगविला; तो चट्टोपाध्यायांवरून बेतला असे अभ्यासक मानतात. कथेत तो सापळ्यात सापडताच विष घेतो आणि गोष्ट संपते. प्रत्यक्षात ते सोव्हिएत रशियात आश्रयाला गेले, लेनिनग्राडला संशोधन करू लागले, जुलै १९३७ मध्ये पकडले गेले, आणि २ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांना गोळी घालण्यात आली. निरोद बरुआ यांनी अनेक देशांची दप्तरे धुंडाळून लिहिलेले त्यांचे चरित्र २००४ साली प्रसिद्ध झाले.

त्या तरुण स्नेह्याला मी सांगितले, मॉमची ती कथा आणि बरुआंचे चरित्र पाठोपाठ वाच. मग ‘गुलाग’ हाती घे. हेरकथा वाचण्यात पाप नाही. पण पाठलाग करणाऱ्यांच्या चातुर्यात रमताना, ज्याचा पाठलाग झाला त्याला विसरणे हे वाचकाचे न्यून आहे. प्रिटसारखा निष्णात वकील ज्या भुलीस बळी पडला, त्या भुलीपासून आपले रक्षण आपणच केले पाहिजे.