बामणाचा पत्रा

आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्यात, गावाबाहेर शेतात, ग. दि. माडगूळकरांची लिहायची जागा आहे. गाव तिला ‘बामणाचा पत्रा’ म्हणतं. पुण्यात ‘पंचवटी’सारखा बंगला असताना हा माणूस लिहायला इथे येत असे. या जागेचं रसग्रहण करायचं तर सुरुवात छपरापासूनच करावी लागते.

इथल्या माणदेशातलं जुनं घर धाब्याचं. मातीच्या जाड भिंती, वर तुळया, तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर ऊन फुफाटत असलं तरी आत गारवा. पत्र्याचं सगळं उलटं. सकाळचे दहा वाजले की तो तापायला लागतो, आणि दिवस मावळला की भराभर निवतो. वारा सुटला की खिळ्यांशी भांडतो. शेतात पत्रा घालतात तो कडबा भिजू नये, औतं झाकली जावीत, जनावरांना आडोसा व्हावा म्हणून. पावसाचं म्हणाल तर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, त्याचा दहावा हिस्सा धड पडत नाही. आटपाडीची गत तीच. अशा मुलखात पत्र्यावर सर वाजली तर लिहिणाऱ्याच्या हातातलं पेन थांबणारच. धाब्याखाली पाऊस नुसता कळतो, पत्र्याखाली तो अंगावर आल्यासारखा वाजतो. ऊन, वारा, पाऊस यांतलं काहीच ही जागा बाहेर ठेवत नाही, आणि माझ्या मते तिची खरी श्रीमंती हीच.

इथून जवळच स्वतंत्रपूर आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये तिथे कैद्यांची खुली वसाहत वसवली. त्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा चित्रपट निघाला; लेखन गदिमांचं, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं. त्यातलं घर आठवा. ओसाड माळ, पडकी वास्तू, सहा खुनी आणि एक जेलर. वाढपी नाही, गडी नाही. जमीन कसायची त्यांनीच आणि पिकवलेला भाजीपाला बाजारात न्यायचा तोही त्यांनीच. पडक्या छपराखाली माणूस पुन्हा उभा राहतो, ही कल्पना पडद्यावर खोटी वाटत नाही. लिहिणाऱ्याला असं छप्पर आणि असा माळ बाहेरून बघून माहीत नव्हता.

आता नाव. 1948 साली गांधीहत्येनंतर सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं जळाली. गदिमांचे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ त्याच आगीची कादंबरी. त्याच मुलखात एका शेतातल्या छपराला गाव जात लावून हाक मारतं आणि ते नाव पुढे अभिमानाने सांगितलं जातं. गोड अर्थ काढायची घाई मी करणार नाही. पण एवढा इतिहास पोटात घेऊन दोनच शब्दांत उभं राहिलेलं नाव सहज सापडत नाही.

याच्या उलट, हल्ली वाई-पाचगणीच्या रस्त्यावर शेतघरांच्या पाट्याच पाट्या दिसतात. गोठ्याला फरशी, भिंतीला वातानुकूलन यंत्र, दारात रंगवलेलं बैलगाडीचं चाक. चूल पेटवून द्यायलाही माणूस हजर! आराम मिळतो, नाही कशाला म्हणा? पण तिथे वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं.

माडगुळ्याला जाणार असाल तर आधी ‘दो आँखें’ पुन्हा एकदा बघा, आणि पत्र्यापाशी टळटळीत दुपारी पोचा. सकाळच्या गारव्यात तो निम्माच कळतो.