वरची पुढची खिडकी

आमच्या यावलला डबल-डेकर कधी आलीच नाही. आमची एसटी एकमजली, केळीच्या बागांमधून भुसावळला जाणारी. म्हणून १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची डिझेल डबल-डेकर धावली, तेव्हाचे फोटो मी मोबाईलवर अधाशासारखे पाहिले. आणि चिडत गेलो.

हार, फुगे, सेल्फी. बस प्रत्येक फोटोत खालून, रस्त्यावरून घेतलेली, लाल भिंतीसारखी. लंडनची बसही पोस्टकार्डावर अशीच दिसते. मग १९३७ पासून धावणारी ही बस मुंबईची कशावरून? मला विचाराल तर वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खिडकीवरून. तिथून लोकांच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे अगदी समोर यायचे, झाडाच्या फांद्या काचेला घासायच्या. वर एक कंडक्टर, खाली एक, दोघांचं बोलणं घंटीवर. निरोपाच्या फोटोंत हे मला कुठे दिसलं नाही. नव्या एसी डबल-डेकरचेही फोटो बाहेरूनच. (तिच्या काचा तर बंदच.)

मी त्या जुन्या बसमध्ये एकदाच बसलो, मामासोबत. त्याने काढलेला फोटो आहे : अर्ध्यात त्याचं बोट, अर्ध्यात खिडकी, पलीकडे कुणाचं तरी स्वयंपाकघर. फोकस पार गेलेला. सेव्ह केलेले बाकीचे सगळे मी डिलीट केले.