काहामार्काचे पुस्तक

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्काच्या चौकात इंका राजा आताहुआल्पाने एक धर्मग्रंथ भिरकावला, आणि फ्रान्सिस्को पिसारोच्या १६८ माणसांनी त्याला तिथेच कैद करून त्याचे हजारो लोक कापले. पेरूवरच्या इतिहासग्रंथांतला हा ठरलेला प्रसंग. मूळ कथनांची इंग्रजी भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून वाचू लागलो, तेव्हा मी अडलो तो त्या पुस्तकापाशीच.

पिसारोचा चिटणीस खेरेस याचे कथन १५३४ साली सेव्हिलला छापले गेले. पाद्री वाल्वेर्दे पुस्तक देतो, राजाला ते उघडत नाही, पाद्री मदतीला हात पुढे करतो तर राजा तो झिडकारतो, स्वतः उघडतो आणि पाच-सहा पावलांवर फेकतो. तपशील इतका नेमका की शंकाच येऊ नये. पण १५१३ पासून स्पॅनिशांना हल्ल्याआधी धर्म व राजसत्ता मान्य करण्याचे आवाहन वाचून दाखवावे लागे. नकार आला की युद्ध न्याय्य ठरे. फेकलेले पुस्तक म्हणजे त्या नकाराची पोचपावती, आणि ती लिहून ठेवणारा चिटणीस.

ग्वामान पोमाचे सुमारे बाराशे पानांचे सचित्र हस्तलिखित १६१५ च्या आसपासचे. १९०८ साली ते कोपनहेगनला सापडले. त्यात पुस्तक आपल्याशी बोलत नाही म्हणून राजा ते टाकतो. ही कथा फार लोकप्रिय आहे, मला मात्र ती पटत नाही. दोरीच्या गाठींत हिशेब ठेवणाऱ्या राज्याच्या धन्याला नोंद आपण होऊन बोलत नाही, ती वाचणारा माणूस लागतो, हे ठाऊक नसेल? शिवाय ग्वामान पोमा इंका नव्हे. इंकांची सत्ता पाचाकुतीपासून जेमतेम तीन पिढ्यांत कुस्कोच्या खोऱ्यातून कितो ते चिलीपर्यंत पसरली होती, आणि जिंकलेल्यांपैकी वांका, कान्यारी यांच्यासारखे कित्येक पुढे स्पॅनिशांना मिळाले. आपले घराणे इंकांहून जुने, असा ग्वामान पोमाचाही दावा आहेच.

गार्सिलासोची आई इंका राजघराण्यातली. आताहुआल्पाच्या माणसांनी तिचे आप्त मारले, त्यामुळे गार्सिलासोचा त्याच्यावर राग आहे. तरीही १६१७ च्या ग्रंथात तो ठामपणे सांगतो की राजाने पुस्तक फेकलेच नाही. गडबडीत उठताना ते वाल्वेर्देच्याच मांडीवरून पडले. ज्याच्यावर राग, त्याच्याच बाजूने ही साक्ष.

मला सर्वांत बोलके वाटते ते तितू कुसीचे कथन. १५७० साली, म्हणजे काहामार्कानंतर ३८ वर्षांनी, हा इंका राजा विल्काबांबाच्या रानातून अजून राज्य करत होता. एका दुपारी साम्राज्य बुडाल्याची गोष्ट एवढ्यानेच लटकी पडते. (शेवटचा राजा तुपाक आमारू याचा शिरच्छेद झाला तो १५७२ मध्ये.) स्पेनच्या राजापुढे हक्क मांडण्यासाठी त्याने हे कथन सांगून लिहवून घेतले, आणि त्यात आताहुआल्पाला तो खरा वारस मानतच नाही. तरी क्रम असा लावतो: राजाने सोन्याच्या पेल्यातून मक्याची चिचा दिली, स्पॅनिश माणसाने ती जमिनीवर ओतली, म्हणून राजाने त्यांचे पुस्तक टाकले. आँडीजमध्ये सोबत पिणे हाच करार. तो आधी कोणी मोडला, एवढेच तितू कुसीला सांगायचे आहे.

मग मी खेरेसकडे परतलो. आदल्या दिवशीच्या भेटीत त्याच्याकडेही सोन्याचे पेले आहेत. स्त्रिया ते आणतात, राजा नुसती नजर उचलतो, त्या परत जाऊन आणखी मोठे पेले आणतात. पाहुणे आधी उपासाची सबब सांगतात, मग पितात. चिचा सांडल्याचे खेरेस लिहीत नाही.